ऑईल पंप: कधीच न दिसणारा पार्ट आणि त्याला जपायचं कसं (नवख्यांसाठी)

चावी फिरवली की मीटरमध्ये अल्लादीनच्या दिव्यासारखं एक लाल चिन्ह पेटतं आणि इंजिन चालू झालं की दोन-तीन सेकंदात विझतं, ते बघितलंय ना? बऱ्याच जणांना वाटतं तो ऑईल कमी झाल्याचा दिवा आहे. नाहीये. तो ऑईलच्या प्रेशरचा दिवा आहे, आणि ते प्रेशर ज्याच्या जिवावर येतं तो ऑईल पंप. मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या छोट्या गाडीचं ऑईल स्वतः बदलतो आणि एकदा चेंबर उतरवून आतलं सगळं डोळ्यांनी बघितलंय एवढंच. त्यामुळे जे सांगतोय ते हाताला तेल लागलेल्या पण तज्ज्ञ नसलेल्या माणसाचं समजा.

आधी आत काय चालतं ते. इंजिनच्या तळाला पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं एक भांडं बसवलेलं असतं, पुस्तकात त्याला संप म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर. छोट्या गाडीत त्यात साधारण अडीच ते चार लिटर ऑईल मावतं. त्या ऑईलमध्ये एक नळी बुडलेली असते आणि नळीच्या तोंडाला जाळी, म्हणजे स्ट्रेनर. पंप त्या नळीतून ऑईल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, मग ते ब्लॉकमधल्या (इंजिनच्या मुख्य धडातल्या) मुख्य गॅलरीत, म्हणजे ऑईलच्या मोठ्या वाटेत जातं, तिथून क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मेन बेअरिंगला, क्रँकमध्येच पाडलेल्या भोकांमधून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला, आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला. टर्बो असेल तर त्याचाही वाटा यातूनच जातो. काम झालं की सगळं ऑईल आपोआप ओघळत परत चेंबरमध्ये, की पुन्हा तोच फेरा.

पंप स्वतः बघायला गेलं तर अगदीच साधा. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन रोटर असतात, एकात एक बसलेले, आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी आणि त्याचं केंद्र जरा बाजूला सरकवलेलं. फिरताना एका बाजूला दातांमधली जागा मोठी होत जाते तिथे ऑईल ओढलं जातं, दुसऱ्या बाजूला ती जागा आवळत येते तिथून ऑईल बाहेर दाबलं जातं. बस, एवढंच. काही इंजिनांत दोन दातेरी चाकं शेजारी शेजारी असतात, नवीन काही इंजिनांत गरजेप्रमाणे कमीजास्त ऑईल देणारे पंपही आलेत, पण तत्त्व तेच. हा पंप बहुतेक वेळा थेट क्रँकवर बसलेला असतो नाहीतर क्रँकवरून छोट्या चेनने फिरतो, त्यामुळे इंजिन फिरतंय तोवर तोही फिरतोच.

आता एक गोष्ट नीट डोक्यात बसवा कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. पंप प्रेशर बनवत नाही, पंप फक्त ऑईल ढकलतो. प्रेशर बनतं पुढच्या अडथळ्यामुळे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात जी फट असते ती साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी, म्हणजे केसापेक्षाही बारीक, आणि एवढ्याशा फटीतून ऑईलला निघायचं असतं म्हणून मागे दाब तयार होतो. बेअरिंग झिजून ती फट वाढली की ऑईल सहज निसटतं आणि पंप नवाकोरा असला तरी प्रेशरचा काटा वर चढत नाही. म्हणून कोणी न मोजता "पंप गेला, नवीन टाका" म्हणालं तर जरा थांबा.

पंपात एक स्प्रिंग आणि एक छोटा प्लंजर असतो, त्याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. सकाळी ऑईल थंड आणि घट्ट असताना प्रेशर वाजवीपेक्षा वर जायला लागलं की हा उघडतो आणि जास्तीचं ऑईल परत सोडून देतो. कचरा अडकून तो उघडाच राहिला तर प्रेशर कायम कमी, बंदच अडकला तर प्रेशर एवढं चढतं की फिल्टरचं पॅकिंग फुटून बाहेर येऊ शकतं.

आकडे किती? गाडीगणिक फरक आहे आणि शेवटचा शब्द त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच, पण अंदाज म्हणून धरा, इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला (रेस न देता उभ्या गाडीत) एक बारच्या आसपास आणि ३००० आरपीएमला तीन-चार बार. जुने मेकॅनिक सांगतात दर हजार आरपीएमला १० पीएसआय (बार आणि पीएसआय ही दाबाची मापं, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय), त्या हिशोबाने ३००० आरपीएमला दोन बारच येतात, म्हणजे तो आकडा किमान मर्यादा समजा. आणि तो लाल दिवा? त्याचा स्विच बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या आसपास दिवा लावतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर "कमी झालेलं" नसतं, जवळजवळ संपलेलं असतं. हे कळल्यापासून मी त्या दिव्याकडे बघायची पद्धतच बदलली.

पहिली पायरी: पट्टी बघायची सवय

पंपाची निम्मी देखभाल डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर होते. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑईल खाली उतरेल. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढून जे दिसतं ते मोजमाप नाही, ती फक्त पुसायची. ऑईल दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेजवळ पाहिजे. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर म्हणजे सुमारे एक लिटर, छोट्या इंजिनात कधी त्याहून कमी, त्यामुळे खालच्या खुणेला आलंय म्हणून एकदम अख्खा डबा ओतू नका, थोडं थोडं घालून परत बघा.

कमी ऑईल वाईट हे सगळ्यांना कळतं, जास्त ऑईल पण वाईट हे कमी लोकांना माहितीये. लेव्हल फार वर गेली तर फिरणारा क्रँक त्या ऑईलला ताक घुसळल्यासारखं घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे हवा. पंप हवा ओढायला लागला की बेअरिंगपर्यंत ऑईलचा सलग पडदा पोचत नाही. पट्टीवर ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळतंय, पेट्रोलचा वास येऊन लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर इंधन मिसळतंय, दोन्हीत ऑईल कुचकामी होतं. नुसतं काळं झालंय म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये तर बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं.

मी दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी बघतो. दोन मिनिटांचं काम.

दुसरी पायरी: योग्य ऑईल, वेळेवर

डब्यावर ५डब्ल्यू-३० वगैरे लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो (जितका लहान तितकं बरं), दुसरा १०० अंश सेल्सियसला ते किती घट्ट राहतं ते. मॅन्युअलमध्ये जे ग्रेड लिहिलंय तेच घाला. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात "जाड ऑईल म्हणजे जास्त संरक्षण" असं म्हणून घट्ट ऑईल ओतणारे भेटतात, काट्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं आणि मन खूश होतं, पण आठवा, प्रेशर म्हणजे अडथळा. प्रेशर जास्त याचा अर्थ ऑईल जास्त पोचतंय असा होत नाही, उलट थंड सकाळी ते वर कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं.

बदलायची मुदत किलोमीटर आणि महिने दोन्हींत असते, बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ते "किंवा" विसरू नका. रोज दोन-दोन किलोमीटरच चालणारी गाडी ऑईलचे हाल करते, कारण इंजिन नीट तापतच नाही, आतला ओलावा आणि इंधन उडून जात नाही, त्याचा चिखल होतो आणि तो चिखल शेवटी जातो कुठे तर जाळीवर. अशी गाडी असेल तर मुदतीच्या आधीच बदललेलं चांगलं.

तिसरी पायरी: ऑईल आणि फिल्टर बदलणं

इंजिन कोमट करा, कडक गरम नको, हात भाजतो. गाडी वर उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे, हातांनी गाडी हलवून बघायची, मगच खाली. हे सगळ्यांना माहीत असतं आणि "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणत सगळेच मोडतात.

ऑईल भरायचं वरचं झाकण उघडा, खाली पसरट भांडं ठेवा, ड्रेन बोल्ट सोडा, आणि घाई करू नका, शेवटची धार थेंबांवर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. बोल्टचा वायसर नवीन टाका. बोल्ट आधी बोटांनीच फिरवून बसवा, नंतरच पाना लावा, आणि जोर दाखवू नका, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की छोटं काम मोठं होतं. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

फिल्टर काढल्यावर इंजिनवरची बसायची जागा बोटाने चाचपून बघा. हे मी का सांगतोय, तर पहिल्यांदा मी स्वतः केलं तेव्हा जुन्या फिल्टरचं रबर पॅकिंग इंजिनलाच चिकटून राहिलं होतं, मी त्यावर नवीन फिल्टर चढवला, म्हणजे पॅकिंगवर पॅकिंग. चालू केलं, दिवा विझला, मी खूश, आणि अर्ध्या मिनिटात खाली काळं तळं. सुदैवाने गाडी जागेवरच होती. रस्त्यावर असतो तर इंजिनचं काम काढावं लागलं असतं, कारण पंप त्याचं काम इमानदारीत करतो, बाहेर जायला वाट मिळाली तर तीन लिटर ऑईल बघता बघता रस्त्यावर ओततो.

नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावा, हाताने फिरवा, रबर टेकलं की तिथून साधारण पाऊण फेरा, पाना नको. फिल्टर नावापुरता स्वस्तातला घेऊ नका. त्यात इंजिन बंद झाल्यावर ऑईल मागे वाहून जाऊ न देणारा एक रबरी पडदा असतो, तो फालतू असला की रोज सकाळी फिल्टर रिकामा होतो आणि चालू केल्यावर दोन-तीन सेकंद टॅपेट (हेडमधले व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे भाग) कडकड वाजतात. लोक तो आवाज ऐकून पंपावर खापर फोडतात.

ऑईल भरा, चालू करा, रेस अजिबात करू नका. रिकामा फिल्टर भरेपर्यंत दिवा नेहमीपेक्षा एक-दोन सेकंद जास्त राहील. दहा सेकंद झाले तरी विझला नाही तर बंद करा आणि शोधा. विझला तर बंद करून थांबा, पट्टी परत बघा, फिल्टरच्या पोटात गेलेलं ऑईल वरून भरा. काढलेलं ऑईल गटारात किंवा मातीत ओतू नका, त्याच रिकाम्या डब्यात भरून जिथे जुनं ऑईल गोळा करतात तिथे द्या.

दिवा चालताना लागला तर

इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नाही, घरापर्यंत नाही, सुरक्षित बाजूला घ्यायला लागतील तेवढेच सेकंद. ऑईलशिवाय बेअरिंग काही मिनिटंसुद्धा टिकत नाही, आधी खडखड, मग इंजिन जाम. बंद केलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं ते लक्षात ठेवून आधी बाजूला घ्या, मग चावी बंद.

थांबल्यावर पट्टी बघा. लेव्हल कमी असेल तर भरा आणि खाली गळती आहे का ते पण बघा. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावरच दिवा क्षणभर चमकत असेल तर जवळपास नेहमी लेव्हल कमीच असते, ऑईल एका बाजूला सरकतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. लेव्हल बरोबर आहे आणि तरी दिवा लागतोय तर गाडी चालवू नका, टो करा. "सेन्सर खराब असेल हो" हे वाक्य खरं पण निघतं, पण ते मोजून ठरवायचं, गाडी चालवत नाही.

आणखी एक, गाडी मोठ्या स्पीडब्रेकरला किंवा दगडाला खालून घासली असेल तर उतरून चेंबर बघा. ऑईल गळत नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. जाळी चेंबरच्या तळापासून थोडीशीच वर असते, पत्रा आत दबला की तो जाळीच्या तोंडाला जाऊन टेकतो आणि पंपाचा घोटच बंद होतो. बाहेरून एक कोरडा पोचा दिसतो फक्त.

मोजायचं कसं

प्रेशर स्विच ब्लॉकवर, बऱ्याचदा फिल्टरच्या आसपास असतो. तो काढून त्याच आट्यांत साधा मेकॅनिकल गेज लावायचा, आटे जुळणारा ॲडॅप्टर आधी तपासून. आधी थंड इंजिनला रीडिंग, मग पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत गरम करून आयडलला आणि ३००० आरपीएमला. गेजवर प्रेशर व्यवस्थित आणि दिवा मात्र चालूच, तर स्विच किंवा वायर. थंडीत छान आणि गरम झाल्यावर आयडलला पार कोसळतंय, तर बेअरिंग किंवा पंपाची झीज, किंवा चुकीचं पातळ ऑईल. आरपीएम वाढवल्यावर काटा वर न जाता थरथरतोय, तर बहुतेक पंप हवा ओढतोय, म्हणजे जाळी तुंबलेली किंवा नळीचं ओ-रिंग (सांधा बंद करणारं रबरी कडं) कडक होऊन फटीतून हवा येतेय. हे एवढंसं ओ-रिंग भल्याभल्यांना फसवतं.

चेंबर उतरलंच तर

नवख्याने हे एकट्याने करू नये असं माझं मत, पण समोर उभं राहून बघावं नक्की. माझ्या गाडीचं उतरवलं तेव्हा जाळी बघून मी गप्पच झालो. अर्धी जाळी नारिंगी रबरासारख्या धाग्यांनी बुजलेली, चिमट्याने एकेक ओढून काढले, एक तर गांडुळाएवढा लांब. गाडी माझ्या आधीच्या मालकाकडे असताना कोणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन ट्यूब पिळून पिळून लावली होती, बोल्ट आवळल्यावर जास्तीचं आत दाबलं गेलं, कालांतराने सुटलं आणि पंपाने इमानदारीत ओढून जाळीवर आणून बसवलं. पंप ठणठणीत होता. उपाशी होता बिचारा. म्हणून चेंबर परत लावताना सिलिकॉनची रेघ बारीक, मॅन्युअल सांगेल तेवढीच, दोन्ही पृष्ठभाग आधी खरवडून कोरडे करून, आणि वाळायला सांगितलेला वेळ देऊन.

जुन्या, चिखल साठलेल्या इंजिनात जोरकस फ्लश (आतून धुऊन काढायचं द्रव) ओतण्याच्या मी विरोधात आहे, याच कारणासाठी. भिंतींवरचा चिखल एकदम सुटतो आणि जाळीवर येऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑईल घालून लागोपाठ दोन-तीनदा लवकर बदला. काही छोट्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच फिरतो, तिथे बेल्टचे तुकडे जाळीत सापडतात, त्यामुळे अशा इंजिनात नेमकं सांगितलेलंच ऑईल आणि बेल्ट वेळेवर.

पंप उघडला तर फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन फटी मोजतात: दोन रोटरच्या टोकांमधली, बाहेरचा रोटर आणि बॉडीमधली, आणि वरून सरळ पट्टी टाकून रोटर आणि कव्हरमधली. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, साधारण ०.१ ते ०.२ मिमीच्या पट्ट्यातले आकडे. नखाला लागतील असे ओरखडे कव्हरवर असतील तर पंप बदला, घासून चालवू नका. जुळवताना रोटरवरच्या खुणा होत्या तशाच बाजूला ठेवा.

आणि नवीन पंप कोरडा बसवू नका. कोरड्या रोटरला ओढ धरत नाही, त्याला आधी ऑईल भरून हाताने फिरवून घ्यायचं. मग इंधन पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये स्टार्टरला विश्रांती, दिवा विझला किंवा गेज हलला की फ्यूज परत लावून चालू करायचं. माझ्या गाडीचं परत जुळवलं तेव्हा चौथ्या सेल्फला दिवा विझला, तोवर कोणी बोलत नव्हतं.

त्या रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर कुठल्या बोल्टच्या बरोबर खाली आहे त्यावर पेनाने खूण करा, मगच गाडी हलवा.